कानात वारा

मित्रांनो, लॉरीच्या खिडकीबाहेर काळा रबरी भोंगा बसवलेला असतो, ड्रायव्हरने दाबला की पोंऽ पोंऽ करतो, तो तुम्ही पाहिला असेल. मला पाहिलं की सगळ्यांना तोच आठवतो. आठवू दे. पण मी जन्माने भोंगा नव्हे. मी कानाच्या डॉक्टरांचा रबरी फुगा, आता पार जुना झालेला. मी स्वतः वाजावं असं कुणाला वाटत नव्हतं. दुसऱ्याला ऐकू यावं म्हणून वारा द्यायचा, एवढंच माझं काम होतं.

एक खोड मात्र मला पहिल्यापासून आहे. मला स्वस्थ राहवत नाही. दाबलं की पोटातला वारा निघून जातो, सोडलं की तेवढाच परत आत येतो. भरलेला असलो की कधी एकदा रिता होतो असं होतं, आणि रिता झालो की भरायची घाई. देवाने काहींना शांत बसण्यासाठी घडवलं असेल, मला तरी तसं घडवलं नाही.

दूर दक्षिणेकडच्या एका झाडाचा मी चीक. मुंबईच्या कारखान्यात मला वाटोळा आकार मिळाला, मान मिळाली, आणि अंगाला पांढरी पावडर लावून मी खोक्यात बसलो. चौसष्ट साली आगगाडीने जळगावला आलो. दाणाबाजाराच्या रस्त्यावर डॉक्टर पितांबर चौधरी यांचा नाक-कान-घशाचा दवाखाना नवाच उघडला होता. खोकं उघडलं त्यांच्या कंपाउंडरने. त्याचं नाव झुलाल. तो सोनगीरचा. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या लॉऱ्या बघतच लहानाचा मोठा झालेला. त्याने मला हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हाऊ ते लारीना भोंगा शे."

डॉक्टर हसले. पण नाव पडलं ते पडलंच. पुढे पेशंटही विचारू लागले, "आज भोंगा आहे का?"

मित्रांनो, माझं काम समजायचं तर आधी तुमच्या कानाची एक गोष्ट समजून घ्या. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला दोन बारीक नळ्या असतात. एक या कानाकडे जाते, एक त्या कानाकडे. एरवी त्या मिटलेल्या असतात. तुम्ही घोट गिळता किंवा जांभई देता तेव्हा क्षणभर उघडतात आणि कानाच्या पडद्यामागे ताजा वारा जातो. धान्याच्या कोठीला झरोका ठेवतात, तसंच हे. झरोका बुजला की कोठीत दमट होतं. नळी बुजली की कानात. पडदा आत ओढला जातो, मागे पाणी साठतं, आणि माणसाला घागरीत डोकं घातल्यासारखं होतं. बाहेरचं सगळं लांब जातं, आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत राहतो.

तिथे मी कामाला यायचो. झुलाल माझ्या तोंडाची टोपी उकळून आणायचा. डॉक्टर ती पेशंटच्या एका नाकपुडीत बसवायचे, दुसरी नाकपुडी बोटाने दाबायचे. पेशंटच्या तोंडात पाण्याचा घोट असायचा. "गिळा," म्हणायचं आणि त्याच क्षणी मला दाबायचं. गिळताना घशाकडची वाट बंद होते, मग वारा जाणार कुठे? तो नळीतून कानात जातो. एक लांब रबरी नळी पेशंटच्या कानातून डॉक्टरांच्या कानात लावलेली असायची. तिच्यातून 'फुस्स' ऐकू आलं की डॉक्टरांची मान हलायची. जमलं.

बाजारात बोलबाला झाला, की चौधरी डॉक्टर भोंगा वाजवतात आणि कान सुटतो. मला फार बरं वाटायचं. पण ज्याचं नाक वाहतंय, ज्याला ताप आहे, त्याच्यासाठी डॉक्टर मला हात लावू देत नसत. नाकातली घाण कानात जायची. अशा दिवशी मी तबकात नुसता वाट बघत पडून राहायचो, आणि शेजारचा ध्वनिकाटा, ठोकला की 'ऊंऽ' करणारा तो लोखंडी चिमटा, माझ्याकडे पाहून चकाकायचा.

आता चंदनबाईंची गोष्ट सांगतो. तीच सांगायला बसलो आहे.

सत्तर सालचा श्रावण सरत आला होता. उद्यापासून जैनांचे पर्युषण लागणार होते. दुपारी दोघी जणी दवाखान्यात आल्या. पुढची पंचेचाळिशीची, पांढरं पातळ, चेहरा उपवासाने सुकलेला. त्या चंदनबाई. त्यांच्या घरची डाळीची मिल होती आणि मिलच्या मागच्या अंगालाच घर. मागची त्यांची सून कुसुमलता. तिचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. आतून फक्त आवाज येई. 

चंदनबाई काहीतरी बोलल्या. डॉक्टर पुढे वाकले. बाईंनी पुन्हा सांगितलं, तरी कळेना. इतका हळू आवाज, की दिव्याची वात हलायची नाही.

सुनेने मग सगळं सांगितलं. दोन-अडीच वर्षं झाली, बाईजींना कमी ऐकू येतं. माहेरी धुळ्याला गेल्या असताना तिथल्या एका दवाखान्यात दाखवलं होतं. तिने तिथला कागद पुढे केला. त्या सुमाराला मोठ्या दवाखान्यांत एक रीत आली होती. प्रत्येक आजाराला एक आकडा, आणि कागदाच्या कोपऱ्यात तो आकडा मांडायचा. चंदनबाईंच्या कागदावर बहिरेपणाचा आकडा पडला होता. त्यानंतर त्यांना जिथे जिथे नेलं तिथे तिथे लोकांनी कोपरा पाहिला आणि कानाचं मशिन घ्या म्हणून सांगितलं. कानात कुणी डोकावलंच नाही.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. चंदनबाईंसमोर तोंड करून मोठ्याने विचारलं, "अक्का, तुम्ही नेहमी एवढ्याच हळू बोलता?"

उत्तर पदरातून आलं. "बाईजींचा आवाज घराबाहेर जात नाही. सगळ्या धर्मस्थानकात नावाजतात त्यांना, बाई असावी तर अशी."

"आणि तुमचं लग्न झालं तेव्हा?"

सून म्हणाली, "तेव्हा गच्चीवरून हाक मारायच्या. मिलच्या गेटापर्यंत जायची."

डॉक्टर हसले. ते म्हणाले, की ज्याची कानाची नसच गेली तो ओरडून बोलतो, कारण त्याला स्वतःचंही ऐकू येत नाही. आणि ज्याची नळी बुजली, त्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज ढोलासारखा वाजतो, म्हणून तो आपसूक हळू होत जातो. लोकांनी ज्याला सोशिकपणा म्हणून नावाजलं, ती खरी तर आजाराची खूण होती.

मित्रांनो, हे ऐकलं आणि आता माझी पाळी, असं मला वाटलं.

पण आधी ध्वनिकाट्याची पाळी आली. डॉक्टरांनी तो ठोकून चंदनबाईंच्या कानासमोर धरला. त्यांनी मान नाही म्हणून हलवली. त्याचीच दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तर त्या दचकल्या. ऐकू आलं होतं. म्हणजे नस जागी होती. कानाचा पडदा बघितला, तो मळकट आणि आत ओढलेला. दिव्यावर ऊन केलेला छोटा आरसा घशात धरून नाकाची मागची बाजू पाहिली. गाठ नव्हती, पण सगळं सुजून लाल झालेलं. डाळीचा कोंडा दिवसरात्र नाकात जात होता, त्याचं हे फळ.

"झुलाल, भोंगा आण," डॉक्टर म्हणाले. "आणि पाणी."

झुलालने ग्लास पुढे केला. चंदनबाईंनी दोन्ही हात जोडले. सून म्हणाली, बाईजींचा आज चौविहार उपवास आहे. पाणीसुद्धा चालायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, मग उद्या या. त्यावर चंदनबाईंच्या डोळ्यांत असं काही दाटलं, की डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं आणि काय झालं ते विचारलं. त्या सांगू लागल्या, अर्धं त्यांनी, अर्धं सुनेने.

बाईंचं व्रतावर मोठं प्रेम. रोज काही ना काही नेम असायचाच. व्रत घ्यायचं तर स्थानकात जाऊन साध्वींच्या, म्हणजे महासतीजींच्या, तोंडून त्याचं पचखाण, त्या व्रताची प्रतिज्ञा, ऐकायचं, हात जोडून मनाशी धरायचं. महासतीजींच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती, ओठ दिसत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी पचखाण दिलं, ते चंदनबाईंना 'बेला' असं वाटलं. बेला म्हणजे दोन उपवास. दोन उपवास करून त्यांनी तिसऱ्या सकाळी मुगाच्या पाण्याने पारणं केलं. नंतर स्थानकात येणाऱ्या जतनबाई भेटल्या, त्यांनी पदराआडून विचारलं, तेल्याचं पारणं सुखाने झालं ना?

तेला म्हणजे तीन उपवास.

"व्रत मोडलं माझं," चंदनबाई म्हणाल्या. एवढंच त्या जरा स्पष्ट बोलल्या. "ऐकलं नाही म्हणून मोडलं."

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. महासतीजींना जाऊन विचारायचं धाडस होईना. त्या जे सांगतील तेही ऐकू आलं नाही तर? आजचा निर्जळी उपवास त्यांनी स्वतःच प्रायश्चित्त म्हणून धरला होता. उद्या सकाळी पर्युषणातल्या आठ उपवासांचं, अठाईचं पचखाण घ्यायचं होतं. घरचे म्हणत, बोटं बघून घ्या, आम्ही खूण करू. त्या ऐकत नव्हत्या. पचखाण कानाने घ्यायचं असतं. उद्याही ऐकू आलं नाही तर यापुढे एकही व्रत घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मित्रांनो, ज्या बाईचा एक दिवस नेमावाचून गेला नव्हता तिने हे ठरवलं होतं.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाले, "पाण्यावाचूनही होतं. घोट गिळताना घशाची वाट बंद होते, तशीच 'क' म्हणतानाही होते. पण क ठसठशीत आला पाहिजे."

चंदनबाईंनी माझ्याकडे बोट केलं. हे चामड्याचं आहे का, असं त्यांनी विचारलं.

"नाही अक्का. रबर आहे, झाडाचा चीक."

त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी मला माझ्या झाडाचा फार अभिमान वाटला.

डॉक्टरांनी मला त्यांच्या नाकाशी लावलं आणि थट्टेने म्हणाले, "अक्का, आज कानात वारा घालायचा आहे. वासरासारख्या उधळू नका म्हणजे झालं." मग त्यांनी स्वतः 'कक्' करून दाखवलं.

चंदनबाई 'क' म्हणाल्या. म्हणाल्या म्हणायचं एवढंच. तो क ओठांवरच विरला. डॉक्टरांनी मला दाबलं, माझा सगळा वारा घशात गेला, आणि बाईंना ठसका लागला. पुन्हा केलं. पुन्हा ठसका. मी लाजेने चिमून गेलो. पोटात वारा आहे, नळी समोर आहे, आणि मधलं दार उघडं राहतंय.

झुलाल म्हणाला, "घाबरू नका अक्का, भोंगा शे, चावत नही. कोंबडा कसा आरवस, तसं म्हना."

बाईंना ते ऐकू आलं नाही ते एक बरंच झालं. सुनेला आलं. पदर हलला, ती हसली की रागावली ते कळलं नाही. मग ती उठून सासूसमोर आली आणि म्हणाली, "बाईजी, णमुक्कारो म्हणा."

सासूने नुसतंच पाहिलं. काय म्हणतेस, असं तोंड केलं.

सुनेने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. या दोघींचं घरात रोज असंच होत असणार. सासू म्हणायची सून तोंडातल्या तोंडात बोलते, सून म्हणायची बाईजी मुद्दाम ओ देत नाहीत. मध्ये तो पदर.

कुसुमलताने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा झुलालकडे. आणि दोन्ही हातांनी पदर वर उचलला, पार कपाळापर्यंत. झुलाल झटकन भिंतीकडे वळला. तिने सासूच्या डोळ्यांना डोळे लावले आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "ण-मु-क्का-रो."

चंदनबाई सुनेच्या ओठांकडे बघतच राहिल्या. लग्न होऊन ती घरात आल्यापासून तिला बोलताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे स्वतःचे ओठ हलू लागले. नवकार मंत्रातला तो शब्द त्यांना शिकवायला नको होता. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत तो त्यांच्या तोंडात असे. पण तो मोठ्याने म्हणायचा? परक्या पुरुषांसमोर, नाकात रबर घालून?

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

"णमुक्कारो," त्या म्हणाल्या. गच्चीवरून हाक मारल्यासारखं.

त्या जोडाक्षरावर डॉक्टरांनी मला दाबलं. घशाचं दार मिटलं होतं. माझा वारा अंधारात घुसला, अडला, वळला आणि एका चिंचोळ्या वाटेने आत शिरला. डॉक्टरांच्या कानातल्या नळीत आवाज आला, फुस्स, आणि मागोमाग पाण्याचा बारीक बुडबुड. मग दुसऱ्या नाकपुडीतून. पुन्हा तोच शब्द, पुन्हा मी.

चंदनबाईंनी डोळे उघडले. रस्त्यावरून टांगा चालला होता. त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"घोड्याच्या गळ्यात घुंगरं आहेत," त्या म्हणाल्या.

सुनेने पदर खाली ओढला. पण घाई केली नाही.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की हे एकदा करून भागत नाही. सूज आहे तोवर नळी पुन्हा मिटायची, उद्या सकाळपर्यंत टिकेल असं वचन मी देत नाही. नाक जोराने शिंकरू नका, कोंड्यापासून लांब राहा, वाफ घ्या, औषधाचे थेंब पारणं झाल्यावर सुरू करू. जाता जाता त्यांनी धुळ्याचा कागद घेतला, कोपऱ्यातला आकडा खोडला आणि शेजारी कानाच्या नळीच्या विकाराचा आकडा मांडला. म्हणाले, "चुकीचा आकडा कपाळावर लिहिल्यासारखा असतो. पुढचा माणूस तोंड बघत नाही."

त्या गेल्या आणि माझी तगमग सुरू झाली. वाऱ्याचं काम झालं होतं, पण वारा टिकतो का? पर्युषणाचे ते दिवस मला फार जड गेले. आणखी किती नाकांशी मला लावलं, पण लक्ष लागेना. झुलालही दार वाजलं की बघायचा.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, उलटली, पारणी झाली, आणि दोघी आल्या. कुसुमलता सांगत होती. पर्युषणाच्या पहिल्या सकाळी बाईजी उठल्या तेव्हा डावा कान पुन्हा बंद झाला होता. उजवा उघडा होता, तोही अर्धा. त्या उजवा कान पुढे करून पहिल्या रांगेत बसल्या. महासतीजींनी पचखाण म्हटलं. बाईजींना निम्मं कळलं, निम्मं नाही. सगळ्या बायकांनी हात जोडले. आणि भरल्या स्थानकात बाईजी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "महाराजसा, मला ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा म्हणा."

सगळ्या माना वळल्या. ही चंदनबाई? जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती?

महासतीजींनी पुन्हा म्हटलं, सावकाश. या वेळी ऐकू आलं. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून बाईजींनी मागच्या आठवड्याचंही विचारलं, की त्या दिवशीचं व्रत माझ्याकडून मोडलं का.

"मोडलं कुठे?" महासतीजी म्हणाल्या. "मी बेलाच दिला होता."

व्रत बाईंनी बरोबर ऐकलं होतं. चुकीचा ऐकला तो जतनबाईंचा प्रश्न. त्यांनीही बेल्याचंच पारणं विचारलं होतं.

डॉक्टर खळखळून हसले. चंदनबाईही हसल्या, मग डोळे पुसले. मला मात्र हसू आलं नाही. एवढ्याशा अक्षरासाठी एका जिवाने किती सोसलं, हेच मनात येत राहिलं. पुढे त्या बरेचदा आल्या. थेंब घेतले, वाफ घेतली, दर वेळी आपला शब्द म्हणून माझा वारा घेतला. हळूहळू दोन्ही कान सुटले. त्यांच्या मुलाने मिलपासून लांब, पिंप्राळ्याच्या बाजूला घर घेतलं.

मित्रांनो, रबराचं आयुष्य ते किती? खानदेशचा उन्हाळा लोखंडाला सोसत नाही. माझ्या मानेला चिरा गेल्या. नवा फुगा आला, तो गुळगुळीत. मी खणात गेलो. पावडर लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. काही वर्षं मी अंधारात पडून होतो, चपटा होऊन, अर्ध्या श्वासावर. एकदा डॉक्टर म्हणाले, हे टाकून दे. झुलालने टाकलं नाही. फाटकी मान कापली, बाजारातून पितळी तोंड आणून मला बसवलं आणि सायकलच्या दांडीला बांधलं.

"शेवट भोंगाच व्हयना ना तू," तो मला म्हणाला.

पहिल्यांदा वाईट वाटलं. मग मोकळ्या हवेत, वळणावळणाला, माझ्या अस्वस्थ जिवाला ते मानवलं.

एका सकाळी आम्ही पिंप्राळ्याकडे चाललो होतो. पुढे अरुंद रस्त्यावर दोन बायका पाठमोऱ्या जात होत्या. एकीचं पांढरं पातळ, चाल संथ. दुसरी तिच्याकडे तोंड करून काहीतरी रंगात येऊन सांगत होती. तिचा पदर नुसता डोक्यावर होता, तोंड उघडं. झुलालने ओळखलं नाही. त्याने मला दाबलं.

पोंऽ.

सांगणाऱ्या बाईचं लक्षच नव्हतं. पांढऱ्या पातळाच्या बाईंनी मात्र मागे न बघता तिचा हात धरला आणि तिला कडेला ओढलं.

"कुसुम, बाजूला हो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मागून सायकल येते आहे."

आम्ही त्यांच्या शेजारून पुढे गेलो. मी लगेच पुन्हा वारा भरून घेतला. 

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, कुणी उगाच हळू बोलू लागलं असेल, तर त्याच्यावर रागावू नका, आणि त्याच्या शांतपणाचं कौतुक करून मोकळेही होऊ नका. त्याच्यासमोर जाऊन बसा. तोंडावरचा पदर बाजूला करा. आणि त्याने विचारलं तर पुन्हा एकदा म्हणा.